वेगवान चेंडू खेळाडूला आधी 'दिसतो' म्हणजे नेमके काय होते? संवेदना आणि हालचाल यांविषयी चर्चा

निरीक्षक (धागाकर्ता)

अतिवेगवान गोलंदाजी शांतपणे खेळणारा फलंदाज पाहिला की त्याची नजर जात्याच तीक्ष्ण असणार आणि त्याच्या प्रतिक्रिया इतरांहून कितीतरी जलद असणार, असे आपण धरून चालतो. हा समज इतका पक्का आहे की लुकलुकणाऱ्या दिव्यांवर हात मारणे, पडद्यावर फिरणारे ठिपके टिपणे, डोळ्यांचे व्यायाम करणे असे कार्यक्रम अनेक ठिकाणी मोठ्या विश्वासाने राबवले जातात. संशोधनातून मात्र वेगळेच चित्र दिसते. माझे म्हणणे असे आहे की निष्णात खेळाडूची ज्ञानेंद्रिये फारशी निराळी नसतात. कोणती माहिती कुठून आणि कधी घ्यायची व ती थेट हालचालीत कशी उतरवायची, हे त्याने सरावातून कमावलेले असते. म्हणूनच माहिती आणि हालचाल यांची ताटातूट करून केलेला सराव अपुरा पडतो.

आधी वेळेचा हिशेब पाहू. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर अंतर कापतो. दोन्ही बाजूंच्या फलंदाजीच्या रेषांमध्ये सुमारे १७.७ मीटर अंतर असते, म्हणजे हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत पोचायला चेंडूला अर्धा सेकंदही लागत नाही. एवढ्या वेळात चेंडू पाहायचा, पाय हलवायचा आणि बॅट खाली आणायची असते. पीटर मॅक्लाउड यांनी १९८७ मध्ये याची मोठी सुंदर चाचणी घेतली. टप्पा पडल्यावर चेंडू कोणत्या बाजूला वळेल याचा अंदाज येऊ नये अशी खेळपट्टी त्यांनी तयार करवली आणि तिच्यावर व्यावसायिक फलंदाजांना खेळवून त्यांचे अतिजलद चित्रण केले. चेंडू अचानक वळल्यानंतर बॅटची दिशा बदलायला या कसलेल्या फलंदाजांनाही सुमारे २०० मिलिसेकंद लागत होते. प्रयोगशाळेत सामान्य माणसाला दृश्य संकेतावर प्रतिक्रिया द्यायला लागणारा वेळही साधारण इतकाच असतो. याचा अर्थ, चेंडूच्या प्रवासाच्या शेवटच्या २०० मिलिसेकंदांत जे काही घडते त्याचा फटक्यावर परिणाम करणे कोणालाच शक्य नसते.

मग तो चेंडू खेळतो कसा? मायकेल लँड आणि मॅक्लाउड यांनी २००० मध्ये फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. फलंदाज चेंडूवर अखंड नजर ठेवत नाही, असे त्यांना आढळले. चेंडू हातातून सुटताना तो पाहतो, क्षणभर नजर स्थिर ठेवतो आणि मग चेंडू जिथे टप्पा घेईल असे त्याला वाटते तिथे नजर आधीच नेऊन ठेवतो. त्यांनी पाहिलेल्या फलंदाजांपैकी जो अधिक चांगला होता, त्याची ही नजरेची उडी अधिक लवकर होत असे. 'चेंडूवरची नजर हटवू नको' हा सल्ला आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आहोत. तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, पण उत्तम फलंदाज शब्दशः तसे करत नाहीत.

ज्यांनी स्वतः खेळाडू घडवले आहेत, त्यांचे अनुभव आणि आक्षेप वाचायला आवडतील.

मैदानकर

लेख मुद्देसूद आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. मॅक्लाउड यांच्या त्याच अभ्यासात दुसरा एक निष्कर्ष होता आणि तो आपल्या मांडणीला सोयीचा नाही. गोलंदाजांचे चित्रीकरण पडद्यावर दाखवून चेंडूच्या उड्डाणाची माहिती कोण किती लवकर उचलतो हे तपासले, तेव्हा व्यावसायिक फलंदाजांनाही हौशी खेळाडूंइतकाच वेळ लागला. त्यामुळे फरक पाहण्यात नसून शरीराच्या हालचालींच्या जुळणीत आहे, असे मॅक्लाउड यांनीच सुचवले होते. मग 'माहिती कुठून आणि कधी घ्यायची' हे कौशल्य खरोखर आहे, असे आपण कशाच्या आधारावर म्हणता?

निरीक्षक (धागाकर्ता)

मैदानकर, आक्षेप रास्त आहे आणि तो या विषयाच्या गाभ्याला हात घालतो. ब्रूस अॅबरनेथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम इथे महत्त्वाचे ठरते. १९८७ मध्येच त्यांनी बॅडमिंटनवर प्रयोग केले. चित्रीकरणाचा काही भाग झाकून किंवा ते ठरावीक क्षणी थांबवून, शटल कुठे पडेल असे त्यांनी खेळाडूंना विचारले. नवशिके केवळ रॅकेटच्या हालचालीवरून अंदाज बांधत होते. निष्णात खेळाडू रॅकेटबरोबरच तिच्या आधी हलणाऱ्या हाताकडूनही माहिती घेत होते. हात आधी हलतो आणि रॅकेट नंतर, त्यामुळे ज्याला हात वाचता येतो त्याला उत्तर लवकर मिळते.

आता आपल्या मुद्द्याकडे येतो. चित्रीकरण पाहून तोंडाने उत्तर देणे हे फलंदाजीचे काम नव्हेच. डेव्हिड मॅन, अॅबरनेथी आणि डेमियन फॅरो यांनी २०१० मध्ये हेच तपासले. त्यांनी फलंदाजांना प्रत्यक्ष गोलंदाजासमोर उभे केले आणि चेंडू सुटण्याच्या सुमारास त्यांची दृष्टी झाकली. चेंडूची दिशा कधी केवळ बोलून सांगायची होती, कधी पाय हलवून, तर कधी हातात बॅट घेऊन प्रत्यक्ष फटका मारून. प्रतिसाद खऱ्या खेळाच्या जितका जवळ गेला, तितका अंदाज सुधारला आणि कसलेले व नवखे यांच्यातील अंतरही वाढले. खेळाडूला जे 'माहीत' असते ते त्याला सांगता येतेच असे नाही, पण हालचाल करू दिली की ते बाहेर येते. म्हणून मॅक्लाउड यांचा निष्कर्ष मला विरोधी वाटत नाही. पाहणे आणि हलणे ही एकाच कौशल्याची दोन अंगे आहेत, असेच त्यातून सूचित होते.

आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. २००४ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात सॉफ्टबॉलची गोलंदाज जेनी फिंच हिने बेसबॉलमधील तेव्हाचा अव्वल फटकेबाज अल्बर्ट पुहोल्स याला बाद केले. तिचा चेंडू बेसबॉलच्या चेंडूपेक्षा हळू येतो. अंतर कमी असल्यामुळे मिळणारा वेळ मात्र जवळपास तेवढाच असतो. पुहोल्सचे डोळे आणि प्रतिक्रियेचा वेग त्या दिवशी काही बदलले नव्हते. खांद्याखालून फिरणाऱ्या हाताची भाषा त्याच्या शरीराने कधी शिकलेली नव्हती, एवढाच फरक होता.

सांधेमित्र

मी भौतिकोपचाराच्या क्षेत्रात काम करते. चर्चा डोळ्यांभोवती फिरते आहे म्हणून शरीराच्या आतून येणाऱ्या माहितीबद्दल लिहिते, कारण जखमी खेळाडूंबाबत आमची खरी लढाई तिथेच असते.

स्नायूंच्या आत तर्कूच्या आकाराचे सूक्ष्म संवेदक असतात आणि ते स्नायूची लांबी व ती बदलण्याचा वेग मेंदूला कळवत राहतात. स्नायू हाडाला जिथे जोडलेला असतो त्या कंडरेतील संवेदक ताण मोजतात. त्वचा आणि सांध्याभोवतीचे ऊतक आपापली भर घालतात. डोळे मिटूनही आपला गुडघा किती वाकलेला आहे हे आपल्याला समजते ते या सगळ्यांमुळे. ही जाणीव किती खात्रीची वाटते आणि तरी किती सहज फसते, हे १९७२ मध्ये गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी दाखवले. कंडरेवर जलद कंपन दिले की स्नायूतील संवेदक उत्तेजित होतात आणि हात जागचा हललेला नसतानाही तो हलत आहे असे माणसाला स्पष्टपणे वाटू लागते.

घोटा मुरगळलेल्या खेळाडूची सूज उतरते, वेदना थांबते, ताकदही परत येते, आणि तरीही तोच घोटा पुन्हा मुरगळतो. हाडे एकमेकांना जोडणाऱ्या अस्थिबंधाबरोबर तिथून येणारी माहितीही बिघडलेली असते, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. अस्थिर फळीवर तोल सांभाळण्याच्या सरावाने पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण कमी होते, याला चांगला आधार आहे. एक गोष्ट मात्र मी प्रत्येक खेळाडूला आवर्जून समजावते. पाय वाकडा पडल्यावर प्रतिक्षिप्त क्रियेने घोटा सावरेल, या भरवशावर राहू नये. ताणाचा संदेश मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येणे आणि त्यानंतर स्नायूत पुरेसा जोर निर्माण होणे याला जो वेळ लागतो, तेवढ्यात घोटा पुरता वळून गेलेला असू शकतो. उडीवरून खाली येणाऱ्या निरोगी खेळाडूचे पायाचे स्नायू जमिनीला टेकण्यापूर्वीच ताठ झालेले असतात. म्हणजे धागाकर्त्यांनी बॅटबद्दल जे सांगितले तेच घोट्यालाही लागू आहे. तिथेही शरीर घटनेच्या आधी तयार असते.

अधांतरी

सांधेमित्र यांच्या प्रतिसादाला पुरवणी म्हणून आंतरकर्णाबद्दल लिहितो. मी मुलामुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवतो.

दोन्ही कानांच्या आत तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि डोके फिरले की त्यांतील द्रव मागे राहिल्यामुळे फिरण्याची जाणीव होते. सरळ रेषेतील वेगबदल आणि गुरुत्वाची दिशा शेजारचेच दुसरे संवेदक सांगतात. डोके फिरताच साधारण १० मिलिसेकंदांत डोळे उलट दिशेला वळतात, म्हणून धावतानाही समोरचे दृश्य स्थिर दिसते. या यंत्रणेची एक मर्यादा आहे. गिरकी एकाच वेगाने चालू राहिली तर काही वेळाने द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि जाणीव मंदावते. थांबल्यावर मात्र तो फिरतच राहतो आणि चक्कर येते. नृत्यांगना डोके एका बिंदूवर रोखून झटक्यात फिरवते, ते यावर उपाय म्हणूनच. बर्फावरच्या वेगवान गिरकीत तेवढी सवड नसते, तिथे अनेक वर्षांच्या सरावाने मेंदू या संदेशाला कमी महत्त्व द्यायला शिकतो.

हवेतील कसरतींत खेळाडूला डोळे, आंतरकर्ण आणि स्नायू या तिघांच्या बातम्या जुळवून 'मी आता कुठे आहे' हे सतत ठरवावे लागते. ही जुळणी तुटली की काय होते ते २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सच्या बाबतीत साऱ्या जगाने पाहिले. व्हॉल्ट या उडीच्या प्रकारात अडीच गिरक्यांचा बेत असताना दीडच झाली, आणि हवेत आपण कुठे आहोत याचे भान सुटत असल्याचे सांगून तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. त्या वेळी तिच्या धैर्यावर जी शेरेबाजी झाली ती मला फार लागली. हवेतील दिशाभान गमावलेल्या खेळाडूने उडी मारणे म्हणजे मानेवर पडण्याचा धोका पत्करणे होय. माझ्याकडे एखादी मुलगी 'मला आज वर गेल्यावर काही कळत नाही' असे म्हणाली, तर मी त्या दिवशी तिला फक्त जमिनीवरच्या साध्या कसरती देतो आणि कारण विचारत बसत नाही.

प्रश्नचिन्ह

सर्व प्रतिसाद आवडले, पण 'मेंदू आधीच अंदाज बांधतो' हे स्पष्टीकरण आपण सगळीकडे लावत आहोत, आणि ते मला पटत नाही. उंच उडालेला झेल घेणारा क्षेत्ररक्षक चेंडू कुठे पडेल याचे गणित करून तिथे जाऊन थांबतो का? तसे होत नाही, असे दिसते. मॅक्लाउड आणि झोल्टन डिएनिस यांनी १९९३ मध्ये दाखवले की क्षेत्ररक्षक आपला वेग असा राखतो की चेंडूकडे पाहतानाच्या नजरेचा चढ एका विशिष्ट नियंत्रित रीतीने वाढत राहील. ते साधले की तो योग्य वेळी योग्य जागी आपोआप पोचतो. त्यासाठी वारा, वेग, कोन यांचा हिशेब लागत नाही आणि पडण्याची जागा आधी माहीत असण्याचीही गरज राहत नाही.

लांब उडीचे उदाहरणही असेच आहे. जिच्यावरून उडी घ्यायची ती फळी जेमतेम २० सेंटिमीटर रुंद असते. उडी मारणारा खेळाडू मोजून पावले टाकतो, म्हणून त्याची धाव यंत्रासारखी ठरलेली असते, असे प्रशिक्षक समजत. डेव्हिड ली आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये पावलांच्या जागा मोजल्या. धावेच्या मोठ्या भागात प्रत्येक प्रयत्नागणिक पावलांच्या जागेतील फरक साठत जातो आणि शेवटच्या काही पावलांत तो झपाट्याने कमी होतो. म्हणजे खेळाडू फळीकडे पाहून अखेरची पावले तिथल्या तिथे लहानमोठी करतो. ही सतत चालणारी जुळवाजुळव आहे, भाकीत नव्हे.

निरीक्षक (धागाकर्ता)

प्रश्नचिन्ह, तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणे मला मान्य आहेत, आणि 'अंदाज' हा एकच हातोडा सगळीकडे वापरू नये हेही मान्य. माझ्या मते वाद सोडवण्याची किल्ली वेळेत आहे. उंच झेलासाठी कित्येक सेकंद मिळतात, फळीकडे धावतानाही मिळतात. तिथे पाहत पाहत दुरुस्ती करणे शक्य असते आणि तेच अधिक भरवशाचे ठरते. जिथे उपलब्ध वेळ आणि मज्जासंस्थेचा विलंब जवळपास सारखे होतात, तिथे मात्र आगाऊ तयारीवाचून गत्यंतर नाही. फुटबॉलमध्ये अकरा मीटरवरून मारलेल्या पेनल्टीच्या वेळी गोलरक्षकाची अडचण हीच असते. खेर्ट साव्हेल्सबर्ग यांच्या २००२ मधील अभ्यासात निष्णात गोलरक्षकांची नजर कमी ठिकाणी आणि जास्त वेळ स्थिरावत होती, मुख्यतः फटका मारणारा पाय, जमिनीवरचा पाय आणि चेंडू यांच्या परिसरात. नवख्यांची नजर धड, हात आणि कंबर यांवर अधिक फिरत होती.

शिवाय भाकीत केवळ बाहेरच्या चेंडूचेच असते असे नाही. मेंदू स्नायूंना आज्ञा देतो तेव्हा त्या हालचालीमुळे कोणत्या संवेदना येतील याचा अंदाजही तो बांधतो आणि प्रत्यक्ष आलेल्या संवेदनेशी तो ताडून पाहतो. एरिक फॉन होल्स्ट आणि होर्स्ट मिटेलश्टेट यांनी १९५० मध्ये ही कल्पना मांडली. ही तुलना करण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा आहे असे मानले जाते. चेंडू जाळीत पडण्यापूर्वीच 'हा फटका बिघडला' हे अनुभवी खेळाडूला कळते, ते या तफावतीमुळे असावे.

ध्वनिवेध

कान अजून कोणीच चर्चेत आणलेला नाही. ध्वनीवरची प्रतिक्रिया दृश्यावरच्या प्रतिक्रियेपेक्षा साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांनी जलद असते. धावण्याच्या शर्यतीत आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत हालचाल झाली तर ती चुकीची सुरुवात धरतात. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत डेव्हन अॅलन ०.०९९ सेकंदामुळे बाद झाला. ही मर्यादा शरीरशास्त्राच्या दृष्टीने योग्य जागी आहे का, यावर तेव्हापासून पुन्हा वाद सुरू आहे. आठ मार्गिकांच्या दोन टोकांमध्ये सुमारे साडेआठ मीटर अंतर असते आणि ते कापायला ध्वनीला सुमारे २५ मिलिसेकंद लागतात, म्हणून प्रत्येक धावपटूच्या मागे स्वतंत्र ध्वनिवर्धक ठेवतात.

टेनिसमध्ये रॅकेटवर चेंडू आदळल्याचा आवाज मोठा ऐकवला, तर तो फटका अधिक लांब जाईल असे खेळाडूंना वाटते, असे रॉव्हिन कान्याल-ब्रूलांट यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले. दृष्टिहीनांच्या खेळांत तर ध्वनी हाच मुख्य आधार असतो. गोलबॉलमध्ये सव्वा किलोच्या चेंडूत घंटा असतात आणि प्रेक्षकांना शांत बसावे लागते. खेळाडू चेंडूची दिशा ऐकून जमिनीवर आडवे झेपावतात आणि मैदानावर चिकटवलेल्या दोरीच्या उंचवट्यावरून हातापायांनी आपली जागा ओळखतात. दृष्टिहीनांच्या फुटबॉलमध्ये चेंडूकडे जाणाऱ्या बचावपटूने 'वॉय' असा आवाज देणे नियमानेच बंधनकारक आहे. कौशल्य डोळ्यांत नसते, या धागाकर्त्यांच्या म्हणण्याला याहून ठळक पुरावा मला सुचत नाही.

सरावार्थी

मी बास्केटबॉल खेळते. सरावात सहज जमणारी फ्री थ्रो (रेषेवर उभे राहून, कोणी न अडवता बास्केटमध्ये केलेली फेक) सामन्यात हुकते, आणि 'मनगटाकडे लक्ष दे' असे सांगितल्यावर ती आणखी बिघडते. वर जे लिहिले आहे त्यात याचे उत्तर आहे का?

निरीक्षक (धागाकर्ता)

सरावार्थी, याचे बऱ्यापैकी खात्रीचे उत्तर आहे. गॅब्रिएल वुल्फ यांनी १९९८ पासून केलेल्या प्रयोगांत वारंवार आढळले की स्वतःच्या अवयवांकडे लक्ष देण्यापेक्षा हालचालीच्या बाहेरच्या परिणामाकडे लक्ष दिले तर कौशल्य अधिक चांगले उतरते आणि टिकतेही. रिच मास्टर्स यांनी १९९२ मध्ये गोल्फवर दाखवले की नियम तोंडपाठ करून शिकलेल्यांची कामगिरी दडपणाखाली अधिक ढासळते, कारण आपोआप होणारी क्रिया ते पुन्हा जाणीवपूर्वक चालवू पाहतात. फ्री थ्रोबद्दल जोन व्हिकर्स यांचे १९९६ चे काम तर थेट आपल्याच प्रश्नावरचे आहे. कुशल खेळाडूंची शेवटची स्थिर नजर हालचाल सुरू होण्याआधी बास्केटच्या गोल कड्यावर टेकते आणि अधिक वेळ तिथे राहते. तेव्हा मनगट विसरा. कड्याच्या एका ठरावीक बिंदूवर नजर निवांतपणे टेकवा, ती टेकल्यावरच हात उचला, आणि घाई होते आहे असे वाटले तर चेंडू पुन्हा एकदा जमिनीवर आपटून नव्याने सुरुवात करा.

मैदानकर

माझ्या पहिल्या आक्षेपाचे समाधान झाले. आता व्यवहाराचा प्रश्न विचारतो. चेंडू फेकणारे यंत्र, प्रतिक्रियेचे दिवे, एकाच जागी शंभर वेळा तोच फटका: यांतले काय ठेवायचे आणि काय टाकायचे?

निरीक्षक (धागाकर्ता)

यंत्रासमोर फलंदाजाला धाव, खांदा, मनगट यांतले काहीच दिसत नाही. रॉस पिंडर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तरुण फलंदाजांना यंत्रासमोर आणि त्याच वेगाच्या गोलंदाजासमोर खेळवून पाहिले, तेव्हा पाय पुढे टाकण्याची आणि बॅट उचलण्याची वेळच बदललेली आढळली. म्हणजे यंत्रावर घोटवलेली लय ही दुसऱ्याच कामाची लय असते. नवा फटका समजून घ्यायला किंवा दुखापतीनंतर हात मोकळा करायला यंत्र जरूर वापरावे. सामन्याच्या तयारीचा मुख्य भाग मात्र माणसाच्या हातून आलेल्या चेंडूंवर व्हावा, भले त्याचा वेग थोडा कमी असला तरी.

दिव्यांच्या सरावाने दिव्यांवर हात मारण्याचे कौशल्य सुधारते. सर्वसाधारण दृष्टिप्रशिक्षणाचा प्रत्यक्ष खेळावर काही परिणाम होतो का, हे अॅबरनेथी आणि जोआन वुड यांनी २००१ मध्ये तपासले. चाचणीच्या ओळखीने होणाऱ्या सुधारणेपलीकडे त्यांना काही आढळले नाही. तोच वेळ मी विविध गोलंदाजांसमोर घालवीन. एकाच फटक्याच्या शंभर आवृत्त्यांबद्दल हालचालींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाईन यांचे निरीक्षण उपयोगी पडते: सराईत कारागिराच्या हातोड्याचे टोक प्रत्येक वेळी जवळपास त्याच जागी पडते, पण खांदा, कोपर आणि मनगट दर वेळी थोडे वेगळे वळलेले असतात. म्हणून फेक, अंतर, टप्पा आणि वेग सतत थोडेथोडे बदलत ठेवावेत, मुलांना उत्तर स्वतः शोधू द्यावे, आणि चेंडू सुटण्याच्या क्षणी त्यांची नजर कुठे आहे हे फटका कुठे गेला यापेक्षा अधिक लक्षपूर्वक पाहावे.